तेलाचा माग

जुन्या गाडीचे ऑइल थोडेफार गळायचेच, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते आणि त्या एका वाक्यापाशीच बहुतेक गळत्यांचा तपास थांबतो. मला हे वाक्य कधीच पटलेले नाही. गाडीचे वय झाले हे खरे असले, तरी ऑइल वयातून गळत नाही. ते कुठल्या तरी एका ठरावीक सांध्यातून गळते, त्या सांध्यातल्या रबराचे किंवा पॅकिंगचे काहीतरी झालेले असते, आणि ते तसे व्हायलाही काही कारण असते. तो सांधा आणि ते कारण सापडेपर्यंत इंजिनाला पान्हा लावू नये, या मताचा मी आहे. आमच्या गाडीच्या गळतीने ते मत अधिकच पक्के केले, म्हणून तो सगळा तपास इथे सविस्तर लिहितो.

आमची गाडी १९९७ सालची, कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत असंख्य मराठी घरांत पहिली चारचाकी म्हणून तीच आली, तशी ती आमच्याही घरी आली. तिचे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन आडवे बसवलेले असते, म्हणजे गाडीच्या लांबीच्या नव्हे तर रुंदीच्या दिशेने. त्याच्या एका टोकाला टायमिंग बेल्ट असतो आणि दुसऱ्या टोकाला क्लच व गिअरबॉक्स. डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला पाळीपाळीने ठिणगी पोहोचवणारा भाग, याच दुसऱ्या टोकाला, वर हेडपाशी (इंजिनाच्या वरच्या भागापाशी) असतो. ही रचना आधी सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे.

पार्किंगच्या फरशीवर डाग दिसू लागला तेव्हा पहिला प्रश्न होता तो म्हणजे हे नक्की काय गळते आहे. गाडीत अनेक द्रव असतात आणि प्रत्येकाची ओळख निराळी असते. इंजिन ऑइल तपकिरी ते काळे असते आणि बोटांत चोळल्यावर बुळबुळीत पण पातळ लागते. गिअर ऑइल त्याहून दाट असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, जो एकदा घेतला की विसरत नाही. ब्रेक ऑइल जवळजवळ पारदर्शक असते आणि ते रंग खाते, त्यामुळे त्याचा संशय आला तर गाडी जागची हलवू नये. कूलंट हिरवा किंवा गुलाबी असतो. डाग नीट वाचता यावा म्हणून मी खोक्याचा मोठा पुठ्ठा गाडीखाली सरकवला, पुढच्या दोन्ही चाकांची जागा त्यावर पेन्सिलीने आखून घेतली आणि गाडी रात्रभर तशीच उभी ठेवली. सकाळी पुठ्ठ्यावर इंजिन ऑइलचे थेंब होते आणि ते इंजिन व गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात बरोबर त्या सांध्याखाली पडले होते.

त्या जागेवरून निघणारा पहिला निष्कर्ष कुठल्याही गॅरेजमध्ये एकच असतो. मी गाडी जिथे नेली तिथेही तोच निघाला: क्रँक शाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे, म्हणजे गिअरबॉक्सकडचे, ऑइल सील गेले आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही बदलून घ्या. हे निदान पूर्णपणे चुकीचे म्हणता येत नाही, कारण मागचे सील गेल्यावर तेल खरोखरच तिथूनच टपकते. पण ज्याने ते सांगितले त्याने गाडीखाली टॉर्च मारून पाहिले होते आणि बॉनेट उघडलेही नव्हते. मागचे सील बदलायचे तर सील स्वस्त आणि मजुरी भारी असा हिशेब असतो. ड्राइव्ह शाफ्ट काढा, गिअरबॉक्स उतरवा, क्लच आणि फ्लायव्हील सोडवा, तेव्हा कुठे हात सीलपर्यंत पोहोचतो. इतके मोठे काम काढण्यापूर्वी त्याला पुरावा हवा, असे मला वाटले. मागच्या सीलमधून बरेच तेल येत असेल तर ते क्लचवर उडण्याची शक्यता असते, मग चढावर क्लच घसरतो आणि जळका वास येतो. आमच्या गाडीत यातले काहीच नव्हते.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फाउंड्र्या, लेथ आणि सुट्या भागांची दुकाने इतकी दाटीवाटीने आहेत की तिथे एखादा भाग मिळाला नाही तर तो करून मिळतो. त्याच भागात एका बोळात एक वयस्क मिस्त्री काम करतात, सगळे त्यांना मामा म्हणतात आणि मीही मामाच म्हणतो. त्यांनी बॉनेट उघडले, आत एकदा नजर फिरवली आणि परत लावले. म्हणाले, “असं तेलकट इंजिन घेऊन आलासा तर मी त्यात काय बघू? आधी धुऊन आणा.” तपासाची खरी सुरुवात तिथे झाली. तेलाने माखलेल्या इंजिनावर नवे तेल आणि जुने तेल यांत फरक करता येत नाही. धूळ आणि तेल मिळून जो काळा थर बसतो तो सगळे सांधे सारखेच दोषी दाखवतो.

धुण्याचे काम मी घरीच केले. इंजिन पूर्ण थंड असताना डिस्ट्रिब्यूटर, आल्टरनेटर आणि एअर क्लीनरचे तोंड पॉलिथिनच्या पिशव्यांनी बांधले आणि रॉकेल व जुना रंगाचा ब्रश घेऊन वरून खाली असे एकेक भाग धूत आलो. पेट्रोलने इंजिन धुणारे लोक मी पाहिले आहेत. पेट्रोलची वाफ एका ठिणगीने भडकते, म्हणून ते कोणीही करू नये. पाण्याचा जोरदार फवाराही टाळावा, कारण डिस्ट्रिब्यूटरमध्ये पाणी शिरले की गाडी सुरू होत नाही आणि एका दोषाचा तपास सोडून दुसऱ्याच्या मागे लागावे लागते. खाली जमलेले काळे रॉकेल मी थाळीत धरून डब्यात भरून ठेवले. हेड, ब्लॉक, गिअरबॉक्सचे आवरण आणि ऑइल साठते तो तळाचा चेंबर कोरडे होऊन धातूचा मूळ रंग दिसू लागला तेव्हा गाडी पुन्हा मामांकडे नेली.

त्यांनी पुढे जे केले ते इतके साधे आहे की ते कुणालाही जमेल. पातळ सुती कापडाच्या पुरचुंडीत टाल्कम पावडर घेऊन त्यांनी ती कोरड्या इंजिनावर हलकेच थोपटली: टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) कडेने, डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाशी, ऑइल फिल्टरच्या आणि ऑइल प्रेशर स्विचच्या भोवती, गिअरबॉक्सच्या सांध्यावर. टायमिंग बेल्टची बाजू आणि एअर क्लीनर मात्र त्यांनी सोडले. मग मला म्हणाले की कळंबा तलावापर्यंत एक चक्कर मारून या, इंजिन चांगले तापू द्या, पण फार पळवू नका. वेगात वारा आणि इंजिनखालची हवा तेलाला मागे आणि खाली ढकलतात आणि माग पसरतो, एवढेच त्यामागचे कारण होते. हल्ली ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग मिळतो. तो घालून गाडी थोडी चालवायची आणि अतिनील टॉर्च मारायची की गळतीची जागा पिवळसर हिरवी उजळते. फार बारीक गळतीला तो उपाय उत्तम आहे, पण आमच्या गळतीला पावडर पुरली.

परत येऊन बॉनेट उघडले तेव्हा पांढऱ्या पावडरीवर तेलाचा माग स्वच्छ उमटला होता. तो डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाखालून निघत होता. तिथे पावडर ओली होऊन गडद तपकिरी झाली होती. त्या ओल्या भागातून एक बारीक रेघ हेडच्या टोकावरून खाली उतरली होती, वाटेतल्या एका बोल्टच्या डोक्याला वळसा घालून गिअरबॉक्सच्या आवरणाच्या वरच्या कडेवर आली होती, आणि तिथून दोन्ही बाजूंनी खाली वाहत जाऊन तळाशी पुन्हा एकत्र आली होती. पुठ्ठ्यावर थेंब पडत होते ते याच तळाच्या बिंदूतून. टॅपेट कव्हरची त्याच बाजूची कडही काही बोटे लांबीवर ओलसर झाली होती. ऑइल फिल्टर, प्रेशर स्विच आणि ब्लॉक पूर्ण कोरडे होते. मामांनी गिअरबॉक्सच्या तळाची लहान पत्र्याची झाकणी सोडवून आत बोट फिरवले आणि ते कोरडे बोट मला दाखवले. आतून तेल आलेले नव्हते, याचा अर्थ मागचे सील शाबूत होते.

डिस्ट्रिब्यूटरच्या बाबतीत आणखी एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याच्या बुडाशी बाहेरून एक ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, असते आणि त्याच्या शाफ्टभोवती आत एक छोटे सील असते. तेल बाहेर दिसत असेल तर ओ-रिंग, आणि कॅप उघडल्यावर आत तेल दिसले तर आतले सील, असा ढोबळ नियम आहे. आमच्या गाडीची कॅप आतून कोरडी होती.

एखाद्या साध्या मिस्त्रीने इथे ओ-रिंग बदलली असती आणि गाडी परत दिली असती, आणि मीही समाधानाने घरी गेलो असतो. मामांनी मात्र इंजिन सुरू ठेवून ऑइल भरायचे झाकण काढले आणि त्या तोंडावर पातळ पॉलिथिनचा एक तुकडा ठेवला. निरोगी इंजिनात तो तुकडा आत ओढला जातो किंवा निदान स्थिर राहतो. आमचा तुकडा टम्म फुगून वर उचलला गेला. इंजिनाच्या आत दाब साठत होता.

हा दाब कुठून येतो ते समजून घेतल्याशिवाय गळती समजत नाही. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेल्या वायूंचा काही अंश त्यांच्या कडेने खाली निसटतो आणि क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, येतो. त्याच्याबरोबर न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफही येते. जुन्या काळी हे सगळे एका नळीवाटे सरळ रस्त्यावर सोडले जात असे. पुढे कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलांपासून हे वायू एका झडपेवाटे पुन्हा इंजिनात नेऊन जाळण्याची सक्ती झाली आणि हळूहळू ती पद्धत सगळीकडे आली. म्हणजे इंजिनाला आतून श्वास सोडण्याची एक वाट लागते. ती वाट तुंबली की आतला दाब दुसरी वाट शोधतो आणि सगळ्यांत कमकुवत सांध्यातून तेलाला बाहेर रेटतो. अशा वेळी एक सील बदलले तर काही महिन्यांनी त्याच्या खालोखालचे कमकुवत सील गळू लागते. नवी सीले टाकूनही ज्यांच्या गाड्या गळतच राहतात, त्यांतल्या कित्येकांचा खरा दोष इथेच असतो, असे मामांच्या कामाकडे पाहून माझे मत झाले आहे.

टॅपेट कव्हरवरून निघणारी ब्रीदरची, म्हणजे या श्वासाच्या वाटेची, नळी त्यांनी काढली आणि उजेडासमोर धरली. पलीकडचे काही दिसत नव्हते. आत ओल्या काजळीसारखा काळा गाळ बसला होता आणि वळणापाशी रबर मऊ पडून आतल्या बाजूला चेपले होते. शहरातल्या शहरात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत हे विशेष होते. इंजिन पुरेसे तापत नाही, पाण्याची वाफ उडून जाण्याऐवजी आतच थंड होते आणि तेलाशी मिसळून तिचा चिखल होतो. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसू लागली की ही प्रक्रिया चालू आहे असे समजावे, अर्थात हेडचे पॅकिंग जाऊन ऑइलमध्ये कूलंट मिसळत नाही ना, हे आधी पाहून घ्यावे. दाबाचे दुसरे कारण झिजलेल्या रिंगा हे असू शकते, म्हणून मामांनी तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा दाबली जाते तेव्हाचा दाब, मोजले. ते एकमेकांच्या जवळपास भरले, तेव्हा रिंगांवरचा संशय गेला. डिपस्टिक नाकाशी धरून पेट्रोलचा वास येतो का तेही त्यांनी पाहिले. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल चेंबरमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि गळती वाढते. तसा वास नव्हता.

दुरुस्ती त्यामानाने लवकर झाली. नळी नवी घातली आणि दाब बाहेर काढणाऱ्या झडपेची साफसफाई केली. हातात घेऊन हलवल्यावर ही झडप खळखळ वाजली पाहिजे, नाहीतर ती आत अडकलेली असते. डिस्ट्रिब्यूटर काढण्यापूर्वी मामांनी स्पार्क प्लगच्या तारांना क्रमांक घातले, रोटरचे (डिस्ट्रिब्यूटरमधल्या फिरत्या तुकड्याचे) तोंड कुठे आहे त्याची आणि बुडाची जागा रंगाने आखून घेतली. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-२ आहे आणि डिस्ट्रिब्यूटरच्या गिअरचे दाते तिरके असल्यामुळे तो बाहेर ओढताना रोटर थोडासा फिरतो. हे ध्यानात न घेता परत बसवला तर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, चुकते.

जुनी ओ-रिंग त्यांनी टोकदार हत्याराने उचलून माझ्या तळहातावर ठेवली. तिचा छेद मुळात गोल असतो, तो एका बाजूने पूर्ण सपाट झाला होता. नखाने दाबले तर खूण उमटत नव्हती. दोन बोटांत धरून जरा वाकवली तर ती मुडपली नाही, कट्कन मोडली, आणि मोडलेल्या जागी रबर आतपर्यंत कोरडे, भुरकट दिसत होते. नायट्राइल रबर १९३० च्या दशकात जर्मनीत तयार झाले ते तेलात टिकावे याच हेतूने, आणि ते तेलात टिकतेही. पण सततची उष्णता त्याच्या रेणूंमधली बंधने वाढवत नेते आणि रबराचा ताणून परत येण्याचा गुण संपतो. ओ-रिंगचे सगळे काम त्या परत येण्यावरच चालते. दोन धातूंमध्ये ती दाबली जाते आणि उलट दाब देत राहते, म्हणून तेल अडते. परत येणे संपले की ती जागेवर असूनही नसल्यासारखी असते. नवी ओ-रिंग इंजिन ऑइलमध्ये बुडवून, डिस्ट्रिब्यूटर जरासा फिरवत आत ढकलून बसवली आणि मग टायमिंग लाइट लावून टायमिंग जुळवले.

टॅपेट कव्हरचे पॅकिंगही बदलले. हेड ॲल्युमिनिअमचे असल्याने जुने पॅकिंग खरवडताना मामांनी लोखंडी पाते वापरले नाही, लाकडी पट्टी वापरली, कारण ॲल्युमिनिअमवर पडलेला चरा हीच उद्याची गळती असते. कव्हरचे बोल्ट त्यांनी मधून बाहेर अशा क्रमाने, थोडे थोडे आवळले. इथे अनेकांचा हात जड पडतो. जास्त आवळल्याने गळती थांबेल असे वाटते, प्रत्यक्षात पॅकिंग चिरडते, कव्हरची कड वाकते आणि मग कुठलेच पॅकिंग नीट बसत नाही. सिलिकॉनची ट्यूब भरभरून लावण्याचीही त्यांना चीड आहे. बाहेर दिसणारा सिलिकॉनचा ओघळ पाहताना तेवढाच ओघळ आतही असणार, हे आपल्या लक्षात येत नाही. तो तुटून चेंबरमध्ये पडला तर ऑइल पंपाची जाळी तुंबू शकते.

गळती बंद करणारे द्रव बाटलीत मिळतात. ते रबराला थोडे फुगवतात आणि मऊ करतात. काही काळ उपयोग होतो, नाही असे नाही, पण ते गळणाऱ्या सीलबरोबर चांगल्या सीलांनाही मऊ करतात आणि तुंबलेल्या ब्रीदरला त्यांचा काहीच उपयोग नसतो. २०W-४० च्या जागी २०W-५० ऑइल घालण्याचा सल्लाही मिळतो. दाट ऑइल सावकाश गळते एवढाच त्याचा अर्थ आहे. या इंजिनात ऑइल मावते तेच जेमतेम तीन लिटरच्या आसपास, त्यामुळे गळती सावकाश असली तरी डिपस्टिक वारंवार पाहणे सुटत नाही.

काही गळत्यांना मात्र थांबायला वेळच नसतो. प्रेशर स्विच, फिल्टर किंवा ऑइल गॅलरीचा (इंजिनातल्या ऑइलच्या वाहिनीचा) प्लग इथून येणारे तेल पंपाच्या दाबाखाली असते. एक्सलरेटर दाबला की ते वाढते आणि वाटेतच चेंबर रिकामा करू शकते. तशी गळती दिसली तर गाडी बंद करून टो करून न्यावी. टायमिंग बेल्टच्या बाजूची गळतीही टाळू नये, कारण तेलाने भिजलेला बेल्ट फुगतो आणि लवकर तुटतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडणारे तेल पेट घेऊ शकते. या तीन जागा सोडल्या तर गळतीचा तपास शांतपणे करण्याइतका अवधी बहुधा मिळतो.

थोड्याशा गळतीने काय होते, असे म्हणणाऱ्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. रस्त्यावर पडलेले तेल पहिल्या पावसात गटारात जाते. कोल्हापुरात ते जयंती नाल्यात आणि तिथून पंचगंगेत पोहोचते. वापरलेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण आणि अर्धवट जळलेल्या इंधनाची घातक संयुगे असतात. म्हणूनच आपल्या कायद्याने त्याला घातक कचऱ्यात धरले आहे आणि ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवे. धुण्याचे रॉकेल आणि जुने ऑइल मी डब्यात भरून मामांकडे दिले. त्यांच्याकडे पिंप भरले की माणूस येऊन घेऊन जातो.

दुरुस्तीनंतर इंजिन पुन्हा धुतले, पुन्हा पावडर मारली आणि पुन्हा कळंब्याची चक्कर केली. डिस्ट्रिब्यूटरखालची पावडर पांढरी राहिली. ऑइलच्या तोंडावर ठेवलेले पॉलिथिन या वेळी आत ओढले गेले. चेंबरच्या पॅकिंगला एका कोपऱ्यात किंचित ओल दिसते, पण तिचा थेंब होत नाही आणि डिपस्टिकवरची पातळी उतरत नाही, म्हणून ते काम पुढच्या ऑइल बदलापर्यंत ठेवले आहे. तेव्हा चेंबर रिकामा करावाच लागतो. क्रँकचे पुढचे सील अजून कोरडे आहे, तरी टायमिंग बेल्ट बदलताना ते आणि कॅमशाफ्टचे सील ही दोन्ही बदलून घ्यायचे ठरले आहे, कारण त्या वेळी तिथपर्यंतचे सगळे उघडलेलेच असते. शाफ्टवर जुन्या सीलच्या ओठाने बारीक खाच पाडली असेल तर नवे सील किंचित आत किंवा बाहेर बसवून त्याचा ओठ कोऱ्या जागी टेकवता येतो, आणि खाच खोल निघाली तर उद्यमनगरातल्या लेथवर पातळ स्लीव्ह करून घ्यायची.